किराणा कोणी भरायचा? जॅग्वार्सचा तमाशा आणि एनएफएलमधली कोच-भरती

डुव्हलकर | शनि, २५ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी,

इथे क्रिकेटचे धागे तीनशे प्रतिसाद गाठतात आणि अमेरिकन फुटबॉलवर लिहिलं की चार जण येऊन 'पायाने खेळत नाहीत तर फुटबॉल कसला' एवढं विचारून जातात. तरीही लिहितोय. या आठवड्यात आमच्या जॅक्सनव्हिलमध्ये जे झालं ते कुठल्याही ग्रामपंचायतीला शोभलं असतं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी: एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग. संघ ३२. प्रत्येकाचा एक मालक (ग्रीन बे सोडून, तिथे लाखो भागधारक आहेत), एक जनरल मॅनेजर म्हणजे जीएम, आणि एक हेड कोच. माणसं आणणं हे जीएमचं काम. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये कॉलेजची पोरं, मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू, मध्येमध्ये अदलाबदल. या मोसमात पगाराची कमाल मर्यादा संघामागे २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, तेवढ्यात ५३ जणांची मोट बांधायची. कोचने ती ५३ माणसं घेऊन मैदानात उतरायचं. आणि हरले की पहिली विकेट कोचची.

आमच्या जॅग्वार्सने यंदा १७ पैकी ४ सामने जिंकले. ६ जानेवारीला मालक शाहिद खान यांनी (हो, मूळचे लाहोरचे) कोच डग पीडरसनला नारळ दिला आणि जीएम ट्रेंट बॉल्कीला ठेवून घेतलं. वर नव्या कोचच्या शोधात बॉल्कीही सामील. म्हणजे नासकी भाजी ज्याने आणली तोच नव्या आचाऱ्याची परीक्षा घेणार.

लियम कोएन, टँपा बेचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (म्हणजे आक्रमणाची बाजू बघणारा कोच), वय ३९. पहिली मुलाखत व्हिडिओवर झाली. दुसऱ्या फेरीला बोलावलं तर नको म्हणाला. बुधवारी, २२ तारखेला, बातमी आली की टँपाने पगार वाढवून त्याला थांबवून घेतलंय. त्याच दिवशी खानसाहेबांनी बॉल्कीला निरोप दिला. आणि मग कोएन टँपावाल्यांचे फोन उचलेना! गुरुवारी गडी गुपचूप आमच्या गावात, शुक्रवारी हेड कोच.

काल केस कापायला गेलो होतो. न्हाव्याच्या आरशाला अजून ते लाल प्लॅस्टिकचं विदूषकी नाक अडकवलेलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये कोच अर्बन मायरचा फज्जा उडूनही बॉल्कीची खुर्ची हलली नाही, तेव्हा मोसमातल्या शेवटच्या सामन्याला आम्ही लोक विदूषक बनून गेलो होतो. मीही गेलो होतो, बायकोने फोटो जपून ठेवलाय. गंमत म्हणजे त्या दिवशी आम्ही कोल्ट्सला २६-११ हरवून त्यांचं प्लेऑफ (बाद फेरी) घालवलं. न्हावी म्हणाला, "आता काढतो हे नाक." मी म्हटलं, थांब जरा.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोच हुशार की ढ, हे नंतर बघू. जुना जीएम आणि नवा कोच अशी मोट बांधली की ती फुटते. जुन्याला आपल्या आधीच्या निवडी बरोबर होत्या हे सिद्ध करायचं असतं आणि नव्याला त्या निस्तरायच्या असतात. दोघांना एकदम आणा, नाहीतर दोघांना एकदम काढा.

---

पार्सिपनीचे_काका | शनि, २५ जानेवारी २०२५

छान धागा. न्यू जर्सीत ३४ वर्षं काढलेल्या म्हाताऱ्याची भर घालतो.

या भांडणाचं मूळ वाक्य कोच बिल पार्सेल्सचं. १९९७ च्या जानेवारीत पेट्रियट्सला सुपर बोलपर्यंत (अंतिम सामन्यापर्यंत) नेलं, हरले, आणि हा गृहस्थ संघ सोडून निघाला. जाताना म्हणाला त्याचा आशय असा, की स्वयंपाक मीच करायचा असेल तर थोडा किराणा तरी मला आणू द्या. ठिणगी पडली होती १९९६ च्या ड्राफ्टला. पार्सेल्सला बचाव फळीतला माणूस हवा होता, मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी खेळाडू निवडणाऱ्या मंडळींचं ऐकून टेरी ग्लेन हा रिसीव्हर (झेल घेणारा) घेतला. कोचचा चारचौघांत पाणउतारा.

पण पुढचं कोणी सांगत नाही. त्या ग्लेनने पहिल्याच वर्षी ९० झेल घेतले, नवख्या खेळाडूसाठी तेव्हाचा विक्रम. किराणा सासूने आणला होता आणि चांगला निघाला होता! मग राग कशाचा? विचारलं नाही याचा.

पार्सेल्स आमच्या जेट्सकडे आले. भरपाई म्हणून जेट्सला चार ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) मोजावे लागले. आधीच्या वर्षी १६ पैकी १ सामना जिंकलेला संघ दुसऱ्या मोसमात १२-४ (१२ विजय, ४ पराभव). इथे किराणाही त्यांचा आणि चूलही त्यांची. ते थांबले तेव्हा गादीवर बसायचे होते त्यांचे सहायक बिल बेलिचिक. ४ जानेवारी २००० ला पत्रकार परिषदेआधी त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर राजीनामा खरडला आणि व्यासपीठावरून निघून गेले. मी दुपारी ऑफिसात रेडिओवर ऐकलं आणि हातातला समोसा तसाच राहिला. क्राफ्टने त्यांच्यासाठी पहिल्या फेरीचा पिक मोजला आणि यावेळी सगळ्या किल्ल्या कोचच्या हातात दिल्या. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) टॉम ब्रेडी. पुढचं सांगायला नको. जेट्सवाल्यांचं बीपी वाढतं.

---

खवचट_पुणेकर | शनि, २५ जानेवारी २०२५

स्वयंपाक सुनेचा, किराणा सासूचा, आणि आमटी खारट झाली की माहेरी कोण जाणार? सून. हे कळायला एनएफएल कशाला लागतं, आमच्या वाड्यात या की.

(हसून हसून पुरेवाट, चिटोऱ्यावरचा राजीनामा. आमच्याकडे निदान कोरा कागद तरी घेतात.)

---

सनीवेल_सुजाता | रवि, २६ जानेवारी २०२५

डुव्हलकर, तुमचं दुःख आम्ही तुमच्याआधी भोगलंय. बॉल्की मूळचे आमच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे.

पण तुमचा सिद्धांत इथेच अडखळतो. २०११ मध्ये बॉल्की जीएम आणि जिम हारबॉ कोच, दोघे एकाच जानेवारीत बसले. एकदम आणा म्हणता ना तुम्ही, तर हे एकदमच आले होते. पहिली तीन वर्षं तिन्ही वेळा कॉन्फरन्स फायनल (म्हणजे उपांत्य सामना), त्यात एकदा सुपर बोल (रेव्हन्सकडून ३४-३१, तो शेवटचा पास अजून स्वप्नात येतो). तरी चौथ्या वर्षी इतकं फाटलं की ८-८ झाल्याबरोबर 'परस्पर संमतीने' वेगळे झाले. ४४ विजय, १९ पराभव, १ बरोबरी असा कोच आपण सोडतोय यावर कोणाचा विश्वास बसेना. मालक जेड यॉर्क यांनी जीएमची बाजू घेतली. आणि मग? जिम टॉमसुला ५-११. चिप केली २-१४. केली आणि बॉल्की दोघांना एकाच दिवशी बाहेर काढलं, तेव्हा कुठे शांतता.

मला आठवतंय ते बॉल्कींचं गुडघाप्रेम. गुडघ्याचं लिगामेंट फाटलेली पोरं स्वस्तात मिळतात म्हणून ते ती ड्राफ्टमध्ये उचलायचे. २०१३ मध्ये मार्कस लॅटिमोर घेतला, बिचारा एकही खरा सामना न खेळता निवृत्त झाला. असे पिक म्हणजे बाजार उठताना घेतलेली टोमॅटोची पाटी. एखादी चांगली निघते. बाकीच्यांची चटणीसुद्धा होत नाही. आणि सामना रविवारी असतो हो, कोचने तोवर करायचं काय?

---

अज्ञ_बालक | रवि, २६ जानेवारी २०२५

बाळबोध प्रश्न. आपल्याकडे निवड समिती संघ देते, कोच-कर्णधार अकरा जण ठरवतात, आणि भांडतातच. मग इथे नेमकं कागदावर काय असतं? कोणाचा शब्द शेवटचा हे लिहिलेलं असतं का?

---

साउथफिली_शेखर | रवि, २६ जानेवारी २०२५

@अज्ञ_बालक, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, सगळी मारामारी त्यावरच आहे. बऱ्याचदा करारात असतं. ५३ जणांच्या यादीवर शेवटची सही कोणाची, ड्राफ्टच्या दिवशी शेवटचा शब्द कोणाचा, आणि कोच थेट मालकाला भेटू शकतो की जीएममार्फत. तिसरं कलम सगळ्यात महाग. ग्रीन बेने २०१८ मध्ये रचना बदलली आणि जीएम, कोच आणि पैशांचं बघणारा अधिकारी, तिघेही थेट अध्यक्षांच्या हाताखाली आणले. मालकच नाही म्हटल्यावर कान भरायचे तरी कोणाचे!

आता आमच्या फिलाडेल्फियाची गोष्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

हाउई रोझमन. कधी खेळला नाही, कधी कोचिंग केलं नाही. वकिलीचं शिक्षण, आणि शाळकरी वयापासून सगळ्या संघांना नोकरीसाठी पत्रं पाठवायचा छंद. २००० साली ईगल्सने इंटर्न म्हणून घेतला, २०१० ला चौतिसाव्या वर्षी जीएम. २०१३ मध्ये ओरेगनहून चिप केली कोच म्हणून आला. दोन वर्षं १०-६, १०-६. केलीचं म्हणणं, माझ्या वेगाला साजेशी माणसं मला हवीत. २०१५ च्या जानेवारीत मालक जेफ्री लुरी यांनी किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या. रोझमनला पदाचं नाव मोठं दिलं, पगार वाढवला आणि त्याचं बस्तान इमारतीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. आपल्याकडे बढती देऊन गडचिरोलीला पाठवतात ना, तसं.

मग केलीने दुकान मांडलं. लशॉन मकॉय बफलोला. क्वार्टरबॅक निक फोल्स देऊन सॅम ब्रॅडफर्ड. डिमार्को मरेला एवढा पैसा, आणि त्याला पळवायचं अशा पद्धतीने की त्याच्या पायांना ते जमतच नव्हतं. नाताळ संपतो न संपतो तोच, ६-९ वर असताना, एक सामना बाकी ठेवून केलीला काढलं.

आणि रोझमन? त्या वर्षात म्हणे तो इतर खेळांतल्या, इतर क्षेत्रांतल्या लोकांना भेटत राहिला, निर्णय कसे घेतात ते विचारत राहिला. परत आल्यावर केलीचे महागडे करार भराभर दुसऱ्यांच्या गळ्यात मारले. कोच आणला तो डग पीडरसन. होय डुव्हलकर, तुम्ही परवा काढलात तोच. दोन वर्षांत सुपर बोल, ४१-३३, समोर ब्रेडी-बेलिचिक, आणि सामनावीर निक फोल्स. केलीने ज्याला देऊन टाकलं होतं तोच.

आज संध्याकाळी वॉशिंग्टनशी कॉन्फरन्स फायनल. बाकीचं उद्या लिहितो, आत्ता हात थरथरतायत.

---

मीनल_के | रवि, २६ जानेवारी २०२५

सगळे सत्तेबद्दल बोलतायत, पण खोलीत शिरायला कोणाला मिळतं याबद्दल कोणीच नाही.

२००३ पासून रूनी रूल आहे, स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांच्या नावाने. हेड कोच नेमण्याआधी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यावीच लागते. पहिल्याच वर्षी डेट्रॉइटने स्टीव्ह मारियुची आधीच पक्का केला होता, त्यांच्या अध्यक्षांना २ लाख डॉलर दंड झाला. २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय कोचने खटला भरला. जायंट्सबरोबर त्याची मुलाखत व्हायची होती, आणि तीन दिवस आधी बेलिचिकचा अभिनंदनाचा मेसेज आला. चुकून. तो होता दुसऱ्या ब्रायनसाठी, ब्रायन डाबोलसाठी. म्हणजे जागा भरलेली, आणि याने सूट इस्त्री करून जायचं.

याच महिन्यात पेट्रियट्सने एकाच मोसमानंतर कोच जेरॉड मेयोला काढलं. त्याच्या जागी माइक व्रेबल येणार हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत होतं, तरी नियमापुरत्या दोन मुलाखती उरकल्या, आणि त्या दोघांपैकी कोणी या मोसमात लीगमध्ये नोकरीलाही नव्हतं. याला आपल्याकडे कांदेपोहे म्हणतात. मुलाचं बाहेर ठरलेलं आहे, आईच्या समाधानासाठी मुलगी बघून येऊ, पोहे छान झालेत हं.

माझ्या मागच्या नोकरीत मी अशा एका 'मुलाखती'ला बसलेय, पलीकडच्या बाजूने. प्रश्न विचारणारा माणूस घड्याळ बघत होता. त्यामुळे फ्लोरेसचं प्रकरण वाचताना माझ्या पोटात ढवळून आलं होतं.

---

प्लॅनोचा_प्रसाद | सोम, २७ जानेवारी २०२५

डॅलसमध्ये हा प्रश्नच नाही. जेरी जोन्स मालक, जेरी जोन्स जीएम, आणि सामना संपल्यावर कोचआधी पत्रकारांशी बोलणार तेही जेरी जोन्स.

१९८९ मध्ये साधारण १४ कोटी डॉलरला संघ घेतला, २९ वर्षं कोच असलेल्या टॉम लँड्रींना काढलं, कॉलेजचा सहकारी जिमी जॉन्सन आणला. पहिल्या वर्षी १-१५. हर्शल वॉकर मिनेसोटाला देऊन पिकांची पोतीच्या पोती आणली, १९९२ आणि १९९३ असे लागोपाठ दोन मोसम अजिंक्यपद. मग श्रेय कोणाचं यावर जुंपली. जोन्स रात्री बारमध्ये पत्रकारांना म्हणाले की या संघाला पाचशे कोच जिंकवू शकले असते. मार्च १९९४, जॉन्सन गेला. पाचशेतला एक बॅरी स्विट्झर आला आणि १९९५ च्या मोसमात जिंकलाही! तेच वाईट झालं. म्हातारबुवांची खात्री पटली. तेव्हापासून एकदाही कॉन्फरन्स फायनल नाही.

आता नवा कोच ब्रायन शॉटनहायमर. आमच्या वॉट्सॅप ग्रुपवर पहिला मेसेज: "कोण?"

---

साउथफिली_शेखर | सोम, २७ जानेवारी २०२५

५५-२३!!! आवाज बसलाय, टंकतोय.

काल राहिलेलं. २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री टेनेसीच्या जीएमने एजे ब्राऊन हा रिसीव्हर आम्हाला देऊन टाकला. पैशांवरून अडलं होतं. त्यांचा कोच व्रेबल आधी जाहीर म्हणाला होता की मी असेपर्यंत ब्राऊन कुठेही जात नाही. डिसेंबरमध्ये ब्राऊनने त्याच टेनेसीविरुद्ध दोन टचडाउन केले, ३५-१०. दोन दिवसांत तो जीएम घरी. तेरा महिन्यांनी व्रेबलही घरी. किराणावाला आणि आचारी एकमेकांशी बोलत नव्हते, जेवलो आम्ही.

---

ठाण्याचा_तर्कट | सोम, २७ जानेवारी २०२५

जाता जाता, धागाकर्त्याच्या सिद्धांताला त्याच्याच संघाने छेद दिलाय हे कोणी बोलतच नाही. २०२२ मध्ये जुना जीएम बॉल्की आणि नवा कोच पीडरसन. निकाल? ९-८, डिव्हिजन जिंकली, प्लेऑफमध्ये चार्जर्सविरुद्ध ०-२७ वरून ३१-३०. विदूषकांनी नाकं कुठे लपवली होती तेव्हा?

---

डुव्हलकर | मंगळ, २८ जानेवारी २०२५

@तर्कट, पकडलंत. ती रात्र मी स्टेडियममध्ये होतो, अर्ध्यात निघालेल्या शेजाऱ्याला फोन करून परत बोलावलं होतं. मान्य, चाललं होतं.

पण कशावर चाललं ते बघा. ट्रेव्हर लॉरेन्स हा क्वार्टरबॅक आधीच हातात होता. आणि त्याच २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर आमचा असताना बॉल्कींनी ट्रेव्हॉन वॉकर घेतला, एडन हचिन्सन डेट्रॉइटला सोडला. वॉकर वाईट नाही हो. पण हचिन्सनला सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर बघताना आमच्याकडे चॅनेल बदलतात. तीन मोसमांत ९, ९, ४ विजय. फुटायला वेळ लागला, फुटली मात्र. तरी 'ही जोडी जमतच नाही' हे वाक्य मागे घेतो. 'टिकत नाही' म्हणतो.

सुजाताताईंचं उत्तर माझ्याकडे नाही.

ताजी खबर: काल कोएनची पहिली पत्रकार परिषद झाली. गावाची आरोळी ठोकायला गेला, 'डुव्हाSSSल' असं (डुव्हल हा आमचा जिल्हा), आणि घसा इतका चिरका निघाला की सकाळपासून माझा मुलगा घरभर तेच करत फिरतोय.

---

सनीवेल_सुजाता | मंगळ, २८ जानेवारी २०२५

उत्तर मी देते, आमच्याकडूनच. २०१७ मध्ये कोच काइल शॅनहन आणि जीएम जॉन लिंच, दोघांना सहा-सहा वर्षांचे करार. लिंच टीव्हीवर समालोचन करत होते, जीएमगिरीचा अनुभव शून्य. पण कोचला हवा असलेला माणूस. करार बरोबर संपणार म्हटल्यावर एकमेकांच्या पायात पाय घालून फायदा काय?

चुका केल्याच. २०२१ मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीचे तीन पिक उधळले. अशा चुकीवर एरवी दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं. इथे पुढच्याच वर्षी ड्राफ्टमधल्या सगळ्यात शेवटच्या, २६२ व्या नंबरवर ब्रॉक पर्डी हा क्वार्टरबॅक मिळाला आणि त्यानेच झाकलं. नशीब, दुसरं काय. पण दोघांपैकी कोणी पत्रकारांच्या कानात कुजबुजलं नाही, हे मी हारबॉच्या चौथ्या वर्षी रोज वाचत होते म्हणून मला जाणवतं.

---

पार्सिपनीचे_काका | बुध, २९ जानेवारी २०२५

आणि सगळ्या किल्ल्या एकाच हातात दिल्या की काय होतं तेही लिहून ठेवा. ब्रेडी गेल्यावर बेलिचिकचं दुकान बसलं, शेवटचं वर्ष ४-१३. गेल्या जानेवारीत सहा सुपर बोल जिंकलेला हा कोच मोकळा होता. अटलांटाने दोनदा बोलावलं आणि रहीम मॉरिसला घेतलं. बाकी कोणी दारात उभं केलं नाही. कोणत्या जीएमला असा भाडेकरू हवाय जो महिन्याभरात घरमालक होईल? आता ते नॉर्थ कॅरोलायनात कॉलेजच्या मुलांना शिकवणार आहेत.

---

खवचट_पुणेकर | सोम, १० फेब्रुवारी २०२५

पहाटे पाचला उठलो. बायको म्हणाली, इतक्या लवकर कधी दुधाला तरी उठलात का. ईगल्स ४०, चीफ्स २२. हाफटाइमला २४-०, तेव्हा परत झोपायला हवं होतं. शेखरराव जिवंत आहात का?

---

साउथफिली_शेखर | सोम, १० फेब्रुवारी २०२५

ब्रॉड स्ट्रीटवरून टंकतोय. विजेच्या खांबांवर माणसं आहेत. रोझमन, दुसऱ्या टोकाचा, आता दोन ट्रॉफ्या, दोन वेगळे कोच. बाकी नंतर.

---

डुव्हलकर | शुक्र, २१ फेब्रुवारी २०२५

आमच्याकडे कोच आधी आला, आणि चार आठवड्यांनी जीएम. जेम्स ग्लॅडस्टोन, वय ३४, रॅम्सकडून. कोएनही २०२२ ला रॅम्समध्ये होता, म्हणजे ओळख जुनी. मध्ये फुटबॉलचा कारभार बघायला टोनी बोसेली बसवलेत, आमचे हॉल ऑफ फेमवाले. तिघे. स्वयंपाकघर लहान आहे, बघू.

---

ठाण्याचा_तर्कट | शुक्र, २१ फेब्रुवारी २०२५

ग्लॅडस्टोन रॅम्सच्या तालमीतला म्हणजे जपा. त्या संघाने २०१६ नंतर थेट २०२४ पर्यंत पहिल्या फेरीत एकही खेळाडू घेतला नव्हता, सगळे पिक गहाण. एक सुपर बोल जिंकला त्यात, ही गोष्ट वेगळी.

---

डुव्हलकर | शुक्र, २५ एप्रिल २०२५

@तर्कट, तुमच्या जिभेला काही हाड?

काल ड्राफ्ट होता. आमचा पाचवा नंबर. नव्या जीएमने पाचवा, ३६ वा, आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक क्लीव्हलँडच्या हवाली करून दुसऱ्या नंबरवर ट्रॅव्हिस हंटर उचलला. झेलही घेतो आणि झेल अडवतोही, दोन्हीकडून खेळणारा पोरगा. नोकरीला दोन महिने झालेत आणि पुढच्या वर्षाच्या वाणसामानाची उधारी आत्ताच.

सकाळी न्हाव्याकडे गेलो. नाक काढलंय. टाकलं का विचारलं, तर म्हणाला ड्रॉवरमध्ये ठेवलंय.